संगणकाला सरळ रेषा कशी सांगावी?

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे गाव रेल्वेचे जंक्शन म्हणून मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. परभणीकडून आलेला लोहमार्ग येथून पूर्वेस नांदेडकडे जातो, तर दुसरा लोहमार्ग येथून उत्तरेस निघून वसमत, हिंगोली, वाशीम या गावांवरून अकोल्यास पोहोचतो. वाटेत हा मार्ग अनेक वळणे घेतो. परंतु नकाशावर पूर्णा आणि अकोला या दोन बिंदूंना पट्टी लावून रेघ ओढली, तर ती जवळजवळ थेट उत्तर-दक्षिण जाते. कारण दोन्ही ठिकाणे ७७ अंश पूर्व रेखांशाच्या लगत असून अकोला सुमारे दीड अंशाने उत्तरेस आहे.

ही रेघ कागदावर ओढणे शाळेतील मुलालाही अवघड नाही. तीच रेघ संगणकाला सांगावयाची म्हटली म्हणजे मात्र अडचण उभी राहते. संगणकाला पट्टी दिसत नाही आणि कागदही दिसत नाही. त्याला कळतात ते आकडे आणि चिन्हे. तेव्हा रेषा म्हणजे काय, याची आकड्यांत मांडलेली आणि कोणताही अपवाद न राहणारी व्याख्या त्याला द्यावी लागते.

हा प्रश्न आता केवळ गणितज्ञांचा राहिलेला नाही. राज्यात जमिनीच्या मोजणीसाठी इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व रोव्हर ही यंत्रे वापरली जातात. गावठाणांच्या ड्रोनद्वारे मोजणीची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी देशात सुरू झाली; महाराष्ट्रात तत्पूर्वीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी असा प्रयोग झाला होता. हद्दीच्या खुणा आता आकड्यांच्या रूपाने संगणकात जातात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा संगणक काढतो. म्हणूनच त्या रेषांची व्याख्या कशी केली जाते, हे शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनीही समजून घेणे इष्ट आहे.

अक्षरांचे गणित करणारा संगणक

साधा गणकयंत्राचा संच केवळ संख्यांची बेरीज-वजाबाकी करतो. याहून वेगळ्या अशा काही आज्ञावली आहेत की ज्या अक्षरांचेही गणित करतात. समीकरण सोडविणे, पदावलीचे अवयव पाडणे, अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवणे ही कामे त्या करतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६८ मध्ये अशा एका आज्ञावलीचे काम सुरू झाले. तिचेच वंशज असलेली मॅक्सिमा ही आज्ञावली आज कोणालाही विनामूल्य मिळते. सिम्पाय आणि सेज याही त्याच जातीच्या. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात तयार केलेल्या जिओजेब्रा या आज्ञावलीत आकृती आणि समीकरण शेजारी शेजारी दिसतात. आपल्या राज्याच्या नववी-दहावीच्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकांतही तिचा उल्लेख आहे.

अज्ञात राशींना नावे देऊन गणित करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ११५० मधील ग्रंथाच्या बीजगणित या भागात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत. आकृतीतील बिंदू संख्यांनी आणि रेषा समीकरणांनी मांडण्याची पद्धत युरोपात देकार्त यांच्या १६३७ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. बीजगणिती आज्ञावली या दोन्ही परंपरांचा लाभ घेते.

परिचित समीकरणातील उणीव

रेषा म्हटली की विद्यार्थ्याच्या मनात प्रथम येते ते समीकरण म्हणजे य = म × क्ष + न. येथे म म्हणजे रेषेचा चढ आणि न म्हणजे ती य-अक्षाला जेथे छेदते ते अंतर. दोन संख्या सांगितल्या की रेषा ठरली, अशी ही सुटसुटीत रीत आहे. पण तिच्यात एक उणीव आहे.

पूर्णा-अकोला या रेघेचाच चढ काढून पाहू. चढ म्हणजे अक्षांशांतील फरकाला रेखांशांतील फरकाने भागून येणारी संख्या. अक्षांशांतील फरक दीड अंश धरू. अकोला पूर्णेच्या पश्चिमेस ०.०५ अंश आहे असे समजले, तर चढ उणे ३० येतो. तेच अंतर ०.०१ अंश समजले, तर चढ उणे १५० होतो. रेखांश अगदी एकच समजला, तर शून्याने भागण्याची वेळ येते आणि उत्तरच मिळत नाही. अकोला ०.०१ अंशाने पूर्वेस समजताच चढ एकदम अधिक १५० होतो. कागदावरील रेघ या सर्व वेळी जेमतेम केसभर हलली. आकडा मात्र उणे दीडशेवरून अधिक दीडशेवर गेला आणि मध्ये एकदा नाहीसाही झाला.

शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ असे नाव दिले आहे. दहावीच्या पुस्तकातही य-अक्षाला समांतर असलेल्या रेषेचा चढ ठरविता येत नाही, असे सांगितलेले असते. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. संगणकाला मात्र पुढे जाता येत नाही. शेताच्या कित्येक बांधांपैकी एखादा बांध नेमका उत्तर-दक्षिण निघाला, तर केवळ चढावर विसंबलेली आज्ञावली तेथे थांबते. किंवा त्याहून वाईट म्हणजे फार मोठ्या आकड्याच्या आधारे भलतेच उत्तर देते.

कोणतीही रेषा न वगळणारी व्याख्या

यावरील उपाय म्हणजे रेषेचे सामान्य समीकरण : अ × क्ष + ब × य + क = ०. येथे भागाकार नाही. रेषा कोणत्याही दिशेची असो, अ, ब आणि क या तीन संख्यांनी ती सांगता येते. अट एकच, की अ आणि ब दोन्ही एकाच वेळी शून्य असू नयेत.

दोन बिंदूंवरून या तीन संख्या मिळविणे सोपे आहे. पहिल्या बिंदूचे निर्देशक (च, छ) आणि दुसऱ्याचे (ज, झ) असतील, तर अ = छ − झ, ब = ज − च आणि क = च × झ − ज × छ. केवळ वजाबाकी आणि गुणाकार यांनी काम भागते.

उदाहरणादाखल एका शेताचा आराखडा कल्पू. नकाशावरील एक एकक म्हणजे १० मीटर. क्ष-अक्ष पूर्वेकडे आणि य-अक्ष उत्तरेकडे. हद्दीचा एक दगड (२, १) येथे आणि दुसरा (६, ९) येथे आहे. वरील रीतीने अ = −८, ब = ४, क = १२ मिळतात. तिन्हींना −४ ने भागले की रेषेचे समीकरण २क्ष − य − ३ = ० असे सुटसुटीत होते. आता दुसऱ्या बांधाचे दगड (५, २) आणि (५, १२) येथे आहेत असे समजा. हा बांध नेमका उत्तर-दक्षिण आहे. येथे अ = −१०, ब = ०, क = ५०; म्हणजे क्ष − ५ = ०. जेथे चढाची रीत अडली होती, तेथे ही रीत अडखळलीसुद्धा नाही. दोन्ही रेषा (५, ७) या बिंदूत छेदतात, हेही त्याच संख्यांच्या तिरक्या गुणाकारांनी मिळते.

दोन्ही दगडांचे निर्देशक चुकून एकच लिहिले गेले, तर काय होईल? अ, ब, क तिन्ही शून्य होतील आणि ० = ० असे समीकरण हाती येईल. ते प्रतलातील प्रत्येक बिंदू पाळतो. म्हणजेच त्यातून एकही रेषा ठरत नाही. चांगली आज्ञावली ही गोष्ट लपवीत नाही. सिम्पाय अशी रेषा बनविण्यास नकार देते, तर जिओजेब्रा ती अव्याख्यात असल्याचे दाखविते. असा नकार हा यंत्राचा दोष नव्हे. नोंद करणाऱ्याची चूक वेळीच लक्षात आणून देणारी ती सूचना होय.

एका रेषेची अनेक रूपे

सामान्य समीकरणाचीही एक अडचण आहे. −८क्ष + ४य + १२ = ० आणि २क्ष − य − ३ = ० ही दिसायला वेगळी समीकरणे एकाच रेषेची आहेत. दोन माणसांनी त्याच बांधाची मोजणी करून ही दोन उत्तरे आणली, तर दोघेही बरोबर असूनही त्यांचे कागद जुळणार नाहीत.

यासाठी एक संकेत ठरवावा लागतो. सहगुणक पूर्णांक असतील, तर त्यांना त्यांच्या मसाविने भागावे आणि पहिला शून्येतर सहगुणक धन ठेवावा. असे केले की प्रत्येक रेषेला एकच रूप उरते आणि दोन रेषा एकच आहेत की नाही, हे नुसते पाहून सांगता येते. सहगुणकांत अक्षरे असतील, तर त्यांचे चिन्ह आधी कळत नाही. अशा वेळी दोन्ही समीकरणांचे सहगुणक परस्परांच्या प्रमाणात आहेत का, हे तिरक्या गुणाकारांनी तपासतात. पहिल्या रेषेचा अ आणि दुसरीचा ब यांच्या गुणाकारातून पहिलीचा ब आणि दुसरीचा अ यांचा गुणाकार वजा केल्यावर शून्य आले, तर रेषा समांतर किंवा एकरूप असतात. शून्य न आल्यास त्या एका बिंदूत छेदतात.

विहीर कोणाच्या शेतात?

रेषेचे समीकरण हाती आले की त्यापासून पुष्कळ काही कळते. वरील बांधालगत (४, ६) येथे एक विहीर आहे असे समजा. हे निर्देशक २क्ष − य − ३ या पदावलीत घातले, तर ८ − ६ − ३ म्हणजे −१ येतो. शून्य आले असते, तर विहीर नेमकी हद्दीवर असती. (४, ५) येथील खुणेची अशीच किंमत शून्य येते, म्हणून ती खूण हद्दीवरच आहे. (४, ४) या बिंदूची किंमत +१ येते, म्हणजे तो बांधाच्या दुसऱ्या बाजूस आहे. अशा प्रकारे बाजू ओळखण्याचे काम केवळ चिन्ह करते. येथे ऋण चिन्हाची बाजू पश्चिमेकडची असल्याने विहीर पश्चिमेकडील शेतात आहे.

हद्दीपासूनचे अंतरही याच किंमतीवरून मिळते. चिन्ह सोडून उरलेल्या संख्येला अ आणि ब यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे. येथे १ भागिले वर्गमूळ ५, म्हणजे सुमारे ०.४४७ एकक, मीटरमध्ये सुमारे ४.४७.

परंतु त्याच विहिरीचे निर्देशक −८क्ष + ४य + १२ या रूपात घातले, तर किंमत +४ येते. अंतर तेच राहते, चिन्ह मात्र उलटते. दगडांचा क्रम बदलून नोंद केली, तरी सर्व चिन्हे अशीच उलटतात. एका नोंदीप्रमाणे ऋण म्हणजे पश्चिम आणि दुसरीप्रमाणे ऋण म्हणजे पूर्व, असा घोळ झाला तर कागदावर विहीर एका रात्रीत शेजाऱ्याच्या शेतात जाईल! मघाशी सांगितलेल्या संकेताचे महत्त्व येथे पटते. व्याख्या आणि संकेत दोन्ही लिहून ठेवलेले असतील, तर आकड्यांवरून वाद उद्भवण्याचे कारण उरत नाही.

रेषा आणि बांध

भूमितीतील रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते, बांध मात्र दोन दगडांपाशी संपतो. गणिताच्या भाषेत बांध हा रेषाखंड होय. वरील दोन बांधांच्या रेषा (५, ७) येथे छेदतात आणि हा बिंदू दोन्ही बांधांच्या टोकांच्या आत असल्याने बांधही तेथे खरोखर छेदतात. दुसरा बांध (५, ८) पासून सुरू झाला असता, तर रेषा छेदल्या असत्या, पण बांध छेदले नसते.

म्हणून आज्ञावलीत रेषा, किरण आणि रेषाखंड यांच्या वेगवेगळ्या व्याख्या असतात, आणि कोणती वस्तू अभिप्रेत आहे हे सांगणाऱ्याने नेमके सांगावयाचे असते. नदीकाठच्या हद्दीसारखी वळणावळणाची हद्द एका रेषेने सांगताच येत नाही. ती अनेक लहान रेषाखंडांची साखळी म्हणून मांडावी लागते.

दशांश आणि अपूर्णांक

आणखी एका बाबतीत दक्षता हवी. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होते, हे शाळेतील विद्यार्थीही सांगेल. पण दशांश संख्या मर्यादित जागेत साठविणारा संगणक ही बेरीज ०.३ पेक्षा किंचित अधिक दाखवितो. सतराव्या दशांश स्थळी त्याला ४ हा अंक दिसतो. याचे कारण असे, की संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. आपल्या दशमान पद्धतीत १/३ लिहू गेले की जसे ०.३३३ असे संपतच नाही, तसे द्विमान पद्धतीत १/१० कधी संपत नाही. कोठेतरी तोडावे लागते आणि तेवढी चूक शिल्लक राहते.

क्ष = ०.३ या रेषेवर एखादा दगड आहे का, असे अशा यंत्राला विचारले आणि दगडाचे स्थान ०.१ + ०.२ असे दिले, तर ते ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते. बीजगणिती आज्ञावलीत हेच आकडे १/१०, २/१० आणि ३/१० असे अपूर्णांकांत दिले, तर उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे येते. वर्गमूळ ५ सारखी संख्याही ती दशांशात न तोडता वर्गमूळ म्हणूनच जपते.

याचा अर्थ शेताची मोजणी अपूर्णांकांनी करावी असा नव्हे. यंत्राने घेतलेल्या मापात काही सेंटिमीटरांची तफावत राहणारच. तेथे ‘नेमके शून्य आले का’ असे न विचारता ‘ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे का’ असे विचारावयाचे असते. ती मर्यादा किती, हे संगणकाने परस्पर ठरवू नये. जबाबदार व्यक्तीने ती ठरवून नमूद करावी. प्रमेय सिद्ध करताना मात्र तफावतीला जागा नसते.

एक गणित, सर्व त्रिकोण

प्रमेयाच्या बाबतीत या आज्ञावलीचे खरे सामर्थ्य दिसते. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात, हे शाळेत शिकवितात. जिओजेब्रात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढून हलविला, तरी मध्यगा एकत्रच राहतात, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो. पण शंभर त्रिकोण पाहिले म्हणून सर्व त्रिकोणांविषयी सिद्धता झाली असे होत नाही.

आता संख्यांऐवजी अक्षरे घेऊ. शिरोबिंदू (०, ०), (२प, ०) आणि (२त, २र) असे मानू. पहिल्या शिरोबिंदूतून निघणारी मध्यगा समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूत, म्हणजे (प + त, र) येथे जाते; तिचे समीकरण र × क्ष − (प + त) × य = ० असे येते. दुसरीचे समीकरण र × क्ष + (२प − त) × य − २पर = ० असे येते. या दोन्हींची वजाबाकी केली की य = २र/३ आणि त्यावरून क्ष = २(प + त)/३ मिळतो. हा बिंदू तिसऱ्या मध्यगेच्या २र × क्ष + (प − २त) × य − २पर = ० या समीकरणात घातला की डावी बाजू आपोआप शून्य होते. प, त आणि र कोणत्याही संख्या असोत, निष्कर्ष तोच. केवळ प किंवा र शून्य असता कामा नये. कारण तसे झाल्यास त्रिकोणच उरत नाही.

१९७० नंतरच्या दशकात चिनी गणितज्ञ वू वेन-त्सुन यांनी याच मार्गाने भूमितीची प्रमेये संगणकाकडून सिद्ध करून घेण्याची सर्वसाधारण पद्धती विकसित केली. तीतही ‘त्रिकोण खरोखरच त्रिकोण असावा’ अशा स्वरूपाच्या अटी स्पष्टपणे लिहाव्या लागतात. माणूस आकृती पाहून ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्या संगणकाला शब्दांत सांगाव्या लागतात. या शिस्तीचा लाभ विद्यार्थ्यालाही होतो.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे सर्व शिकविण्यासाठी मोठ्या सामग्रीची आवश्यकता नाही. शाळेतील एका संगणकावर जिओजेब्रा उघडून य = २क्ष − ३ आणि क्ष = ५ ही दोन समीकरणे लिहिली, तरी वर्गात चर्चेला भरपूर वाव मिळतो. दुसरी रेषा ‘य बरोबर काहीतरी’ या रूपात लिहून दाखवा, असे सांगितले की विद्यार्थी स्वतःच अडचणीपाशी पोहोचतो. मग शाळेचे पटांगण हाच नकाशा मानून चार खुंट्या ठोकाव्यात, त्यांचे निर्देशक मोजावेत, रेषांची समीकरणे काढावीत आणि पटांगणातील झाड कोणत्या बाजूस आहे हे चिन्हावरून सांगावे. निर्देशक भूमिती पुस्तकातून बाहेर येऊन पायाखालच्या जमिनीवर उतरते, ती अशी.

पंचायत सदस्याला समीकरणे सोडविता आलीच पाहिजेत असे नाही. परंतु संगणकाने काढलेला नकाशा समोर आला असता काही प्रश्न त्याने अवश्य विचारावेत. ही रेषा कोणत्या दोन खुणांवरून काढली? खुणांचा क्रम कोणता धरला? बांध कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? किती तफावत ग्राह्य मानली? या प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील, तर तो नकाशा कोणालाही पुन्हा पडताळून पाहता येईल.

पूर्णा येथून निघालेली उत्तरेची रेघ एका परिचित समीकरणात बसत नाही. दोष रेघेचा नाही. व्याख्या करताना तिचा विचार झालेला नसतो. संगणक आपण सांगू तेवढेच जाणतो. तेव्हा गावातील एकही बांध वगळला जाणार नाही अशी व्याख्या त्याला सांगणे, हे काम माणसाचेच आहे.